झाई ते झाई, व्हाया आंजर्ले

तुला अंगणातून उचललं तेव्हा बायकांनी गळा काढला. तुझी बहीण तर जमिनीवर हात आपटून रडायला लागली, "कुठे गेलास रे भावा, कुठे गेलास." मी तोवर भिंतीला टेकून बसले होते, ती उठले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "ते विचारू नको." लोकांना वाटलं, नवरा गेला आणि म्हातारीचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं. आपल्या झाईत बोट सुटताना माणसाला कुठे जातोस म्हणून विचारत नाहीत. विचारलं की काम फिसकटतं, जाळं रिकामं येतं, कधी त्याहून वाईट होतं. इतर गावांतही हे पाळतात म्हणे, पण बाजाराला निघालेल्याचं फिसकटून काय फिसकटणार, फार तर भाजी महाग मिळेल. आपल्याकडे माणूस पाण्यावर असतो. तू निघालास की मी दारातून नुसतं 'ये' म्हणायचे. आलास, पाय धुवायला पाणी दिलं, की मग हवं तेवढं विचारायचं. 'कुठे होतास एवढा वेळ?' निघताना नाही, आल्यावर. सासूबाईंनी शिकवलं आणि मी संसारभर पाळलं. आणि तू शेवटचा निघालास त्या दिवशी तुझ्या सख्ख्या बहिणीने भर अंगणात ते मोडलं. मी हात ठेवला नसता तर काय केलं असतं, तूच सांग.

चारचौघांत मी तुला तुम्ही म्हणायचे, घरात तू. आज कागदावर आधी तुम्ही लिहिलं, तर परक्या कुणाला अर्ज करतेय असं वाटायला लागलं. म्हणून तूच. वाचणाऱ्यांनी बाजूला पाट घेऊन बसावं आणि आमचं दोघांचं ऐकावं.

तर माझी भीती तुझ्या बहिणीपासून सुरू झाली नाही. ती फोनपासून सुरू झाली.

दसरा झाला होता. तू अंगणात जाळं सांधत बसला होतास, मी काठ्यांवरचे बोंबील उलटे करत होते. आपली नात मयूरी सुट्टीची आली होती. तलासरीला नोकरी लागल्यापासून तिने जुनी का होईना गाडी घेतलेली, आणि गाडी घेतल्यापासून तिच्या पायाला घर माहीत नाही. ती तुझ्याजवळ येऊन बसली.

"आजोबा, किनाऱ्याच्या रस्त्याने जायचंय असं किती वर्षं म्हणताय. आता जाऊ या. हे बघा, या प्लॅनरमध्ये सगळं आखता येतं. थांबायचं कुठे, जेवायचं कुठे, राहायचं कुठे."

तिने फोन पुढे धरला आणि आतून एक बाई शाळेतल्या बाईंसारख्या मराठीत म्हणाली, "कुठे जायचे आहे?"

माझ्या हातातला बोंबील खाली पडला. म्हटलं, "बंद कर ते आधी."

"अगं आजी, तिने विचारलं नाही तर ती रस्ता कसा दाखवेल?"

"दाखवू नको म्हणावं. आपल्याला माहितीय रस्ता."

तू हसत होतास. पण मी तुझ्याकडेच बघत होते, तू सांगितलं नाहीस. जन्माची सवय. हनुवटी खाजवलीस, समुद्राकडे बघितलंस आणि म्हणालास, "झाई."

"आजोबा, झाईहून तर निघायचंय."

"निघायचं झाईहून. जायचं झाईला."

तिने तेच घातलं. बाईने जरा वेळ घेतला आणि म्हणाली, "आपण पोहोचला आहात."

तू एवढा हसलास की खोकल्याची उबळ आली. "बघ," मला म्हणालास, "हिच्यासारखी बायको पाहिजे होती. माणूस उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी म्हणते, पोचलात." मीही हसले तेव्हा. आता रोज ते वाक्य आठवतं आणि अंगावर काटा येतो. निघायच्या आधीच पोचलेला माणूस.

मयूरीने मग तोड काढली. शेवटचं ठिकाण झाईच ठेवायचं, म्हणजे गोल फिरून घरी. बाकी सगळे नुसते थांबे. तुला ते फार आवडलं. "थांबा म्हणजे जाणं नव्हे," मला समजावायला लागलास. "वाटेत पाय मोकळे करायला उतरतो माणूस, तसं." मी म्हटलं, "तुझी वकिली देवाला सांग." तू म्हणालास, "देवाचाही एक थांबा घातलाय." चारोटीजवळची महालक्ष्मी घातली होतीस. दर्यात लांब गेलं की तिचा सुळका दिसतो, त्यावरून घर कुठल्या अंगाला ते कळतं. बोर्डीच्या मागचा बारडा डोंगर तसाच. डहाणूच्या वीजघराची चिमणी तशीच. तुझं सगळं आयुष्य हे दुरून बघण्यात गेलं आणि तुला एकदा त्यांच्या पायथ्याशी जाऊन मान वर करून बघायचं होतं. प्लॅनर विचारत होता, आवड काय, समुद्रकिनारे, किल्ले, खाद्यपदार्थ? तू म्हणालास, "समुद्र नको लिहू. समुद्र बघितलाय."

आणि सगळ्यांत लांबचा थांबा आंजर्ले. तो तू घातलास तेव्हा मी बोंबलांकडे वळले.

आंजर्ल्याचं वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आपलं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती, आपला मुलगा हेमंत अंगावर पीत होता. तू दुसऱ्याच्या मोठ्या बोटीवर खलाशी होतास, आठवडा आठवडा बाहेर. त्या खेपेला तुम्ही खाली दक्षिणेला होता आणि वादळ उठलं. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरल्या. तिथे दोर बांधताना तू पाण्यात पडलास, कसाबसा काठाला लागलास आणि कुडकुडत समोर दिसलं त्या घरात गेलास. घरात एक बाई होती, माझ्याच वयाची असेल म्हणालास. तिने गरम भात वाढला आणि आपल्या नवऱ्याचा सुका सदरा काढून दिला. निळ्या पट्ट्यांचा. तिचा नवराही त्याच वादळात बाहेर होता. तू जेवत होतास आणि ती दाराकडे बघत होती. सकाळी बोटवाल्याने सगळ्यांना एसटीने घरी धाडलं. तिचा माणूस आला की नाही, ते तुला कळलंच नाही.

इकडे मी बंदरावर. फोन नाहीत, निरोप नाही. त्या खेपेला निघताना मुंबईहून आलेल्या पाहुण्याने तुला दारातच विचारलं होतं, 'काय, कुठे निघालात?' सासूबाईंनी त्याला खाऊ की गिळू करून बघितलं होतं. वादळभर मला तेच ऐकू येत होतं. मग एका दुपारी एसटीच्या रस्त्याने एक माणूस चालत येताना दिसला, अंगात अनोळखी पट्ट्यांचा सदरा. मला वाटलं, कुणीतरी सांगायला आलाय. मी हेमंतला घेऊन वाळूत बसले. तो माणूस जवळ आला आणि म्हणाला, "अगं, उठ की." तू होतास.

तो सदरा मी धुतला आणि पेटीत ठेवला. एकदा लग्नाला जायला तू घातलास, तर मी अंगातून काढून घेतला, आठवतं? म्हटलं, परक्याचा आहे. वर्षातून एकदा काढून धुवायचे, पण दोरीवर बाहेर कधी घातला नाही, घरातल्या घरात सुकवला. तू चिडवायचास, की चोरीचा माल आहे जसा. मी म्हणायचे, पोस्टाने पाठवून टाक. तू म्हणायचास, "पत्ता काय घालू? वाकडा माड, मुक्काम आंजर्ले?" कारण तुला घराची खूण तेवढीच माहीत होती. खाडीत उभं राहिलं की कड्यावरच्या देवळाचा कळस, त्याच्या बरोबर खाली वाकडा माड, आणि माडाच्या बुडाशी कौलं.

'जायला पाहिजे एकदा,' तू म्हणायचास आणि मी उठून चुलीकडे जायचे. तुला वाटायचं, प्रवासाला घाबरते. घाबरत होतेच. पण कशाला ते तुला कधी बोलले नाही, ते आज बोलते. तिचा माणूस आला नसेल तर? तिच्या घरातून सदरा निघाला आणि तू माझ्या घरी आलास. तिच्या घरी काय आलं? आपण तिथे जाऊन उभं राहायचं आणि ती म्हणणार, नाही हो, ते आलेच नाहीत. मग मी तो सदरा तिच्या हातात कुठल्या तोंडाने देणार होते? न विचारता येणारं एक 'कुठे' मी पेटीत घडी घालून ठेवलं होतं.

तू मात्र दिवाळीपर्यंत त्या प्लॅनरशी भांडत होतास. खाड्यांवरून तर फार. "या बाईला वैतरणेची खाडी दिसत नाही का? समोर अर्नाळा दिसतोय आणि ही मला अख्खा तालुका फिरवून आणते." मयूरी म्हणायची, "आजोबा, गाडी आहे ती, होडी नाही." खाली रायगडात एके ठिकाणी रस्ता पाण्यात संपला आणि पुढे बोटीचं चित्र आलं, गाडी बोटीत चढवायची, तेव्हा तू मांडी थोपटलीस. "शेवटी हिलापण बोटीशिवाय भागत नाही." मला त्या बाईचं दुसरंच खटकायचं. ती वेळ सांगायची. अमुक वाजता पोहोचाल. बोटवाल्याच्या बायकोने आयुष्यात कधी वेळ सांगितली नाही. माणूस येतो तेव्हा येतो. "हिला एवढी खात्री कोणी दिली?" मी विचारलं तर तू म्हणालास, "तिचं कोणी बाहेर गेलेलं नाही म्हणून."

डहाणूच्या डॉक्टरने जा म्हटलं, पण हळू. तारीख ठरली. आणि एका सकाळी मी चहा ठेवून आत गेले, परत आले तर चहा तसाच आणि तू जाळ्यावर वाकलेला. मला वाटलं, गाठ सापडत नाहीये. तुझा हात जाळ्याच्या घरात अडकला होता, तो मी सोडवला. बाकी त्या सकाळचं लिहीत नाही.

दहावं करून सगळे खाडीवरून परत आले. बायका भांडी आवरत होत्या. मयूरीचा फोन वाजला आणि ती कोपऱ्यात जाऊन रडायला लागली. मी घेतला हातातून. अक्षरं मला येतात, सुकट बांधायच्या रद्दीवरच शिकले ना मी. लिहिलं होतं, 'तुमची सहल जवळ आली आहे. प्रवासी तीन.'

"पुसून टाकते, आजी."

"नको."

बघ, मी जे म्हणत होते तेच झालं. त्या बाईने विचारलं, आपण सगळा रस्ता सांगितला, थांब्यासकट, वेळेसकट. आणि तू निघालास तो भलत्याच वाटेने. आता हा सांगितलेला रस्ता तसाच पडला होता, कोणी न गेलेला. शहाण्या माणसाला हे सांगितलं तर हसेल, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. पण हेमंत दर उधाणाला बोट घेऊन जातो. रात्री मला वाटायचं, तो रस्ता माणूस शोधतोय. एक गेला, दुसरा मागेल. आखलेला गोल पुरा करून झाईला आणून मिटवायला हवा, आणि ते मिटवायचं तर मधला आंजर्ल्याचा थांबाही घ्यायला हवा. दोन्हीकडून भीती. न जावं तर हेमंत, जावं तर ती बाई.

हेमंत म्हणाला, "आई, वर्ष व्हायचंय अजून. लोक काय म्हणतील?"

"लोक विचारतील, कुठे गेली. तू सांगू नको म्हणजे झालं."

"आणि मयूरी एकटी गाडी चालवणार? हायवेला?"

"तू दर्यात एकटाच असतोस, मी काही म्हणते?"

त्याने आम्ही निघताना माझ्या पिशवीत डब्यावर डबा रचून दिला, तुझ्यासारखाच, बोलायचं नसलं की बांधाबांध करतो.

आता पुढचं ऐकून तू हसशील. निघालो. सदरा माझ्या मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बोर्डीला पोचतो न पोचतो तोच सुरूच्या झाडांखाली चिकूची टोपली घेऊन बसलेली, बाजारात माझ्या शेजारी बसायची ती, हात हलवायला लागली. मयूरीने थांबवली गाडी. ती खिडकीत डोकं घालून म्हणते, "क्या बात, गाडी बिडी. कुठे निघाल्या?"

मी मयूरीला म्हटलं, "वळव."

"आजी, नको ना."

"वळव म्हणते ना."

चिकूवाली बघत राहिली. आम्ही परत झाईला. फोनमधली बाई सारखी म्हणत होती, मागे वळा, मागे वळा. तिला काय माहीत, आम्ही वळलोच होतो. घरी आले, ओट्यावर टेकले, पाणी प्यायले, देवाला हात जोडले आणि परत निघाले. हेमंत दारात कपाळाला हात लावून उभा होता. "काय विसरलीस?" म्हणाला. म्हटलं, "पाणी प्यायचं." या वेळी बोर्डीत मी पदर डोक्यावरून ओढून खाली वाकले आणि मयूरी काच वर करून सुसाट निघाली.

तुझ्या खुणा बघितल्या. बारडा जवळून बुटका दिसतो, सांगते तुला. चिमणी फार उंच आहे, मान दुखते. महालक्ष्मीला मी ओटी भरली आणि तुझ्या वतीने मान वर करून सुळका बघितला. पुढे हायवेचे ट्रक, बाई गं. प्रत्येक ट्रक अंगावर येतोय असं वाटायचं. मी एका हाताने दांडी धरलेली, एका हाताने सदरा. मयूरी म्हणते, "आजी, तू माझ्याबरोबर ब्रेक दाबतेयस." खाली बघितलं तर खरंच माझा पाय दाबलेला होता. अलिबागेकडे मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी परत किनारा धरला.

आणि मग तो रस्ता पाण्यात संपला. बागमांडल्याला. गाडी बोटीत चढली आणि मी डोळे मिटून घेतले. बोटवाल्याची बायको मी, पण आपल्याकडच्या बायका बोट लोटतात, बोटीत बसत नाहीत. पायाखाली जे हललं ते मला पोटात कळलं. एवढी वर्षं तू या हलणाऱ्यावर झोपत होतास, जेवत होतास. बोटीवरचा माणूस काचेवर टकटक करून म्हणाला, "आजी, काच खाली घ्या, वारा लागू दे." घेतली. वाऱ्याला तुझ्या कपड्यांचा वास होता. मला तेव्हा इतकी भीती वाटली की रडायलाही आलं नाही. ती माझी नव्हती. तू इतकी वर्षं गिळलेली, घरी कधी न आणलेली भीती होती ती, असं वाटलं.

आंजर्ल्याला दुपार झाली. फोनमधली बाई खाडीच्या काठावर येऊन म्हणाली, "आपण पोहोचला आहात." पुढे तिलाही माहीत नव्हतं. मी चपला काढल्या, पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिले आणि पाठ समुद्राकडे करून वर बघितलं, तू सांगायचास तसं. कळस होता. त्याच्या खाली माड बरेच, सगळे सरळ. वाकडा एकही नाही.

माझ्या मनात आलं, बरं झालं. देव सोडवतोय. घर नाही, बाई नाही, उत्तर नाही. गाडीत बसायचं आणि झाईला जायचं. एवढ्यात मयूरीने वाटेने जाणाऱ्या माणसाला थांबवलंच. "काका, इथे एक वाकडा माड होता का हो?"

"होता की. मागच्या वादळात आडवा झाला. त्याचाच तो साकव केलाय, बघा."

तिकडे एका कौलारू घराच्या पुढ्यात पाण्याचा एक पऱ्ह्या, लहानसा ओहोळ, होता आणि त्यावर माडाचं खोड आडवं टाकलेलं. तुझी खूण पायाखाली घालून मी पलीकडे गेले. एका बाजूने मयूरीने धरलं होतं.

अंगणात सुपारी वाळत घातली होती. एक म्हातारी बाई त्यात बसून निवडत होती. पांढरे केस, बारीक, कपाळावर काय आहे ते उन्हात मला दिसेना. मी मुद्दाम बघितलं नाही, खरं तर.

"कोण पाहिजे?"

वर्तमानपत्र सोडलं आणि सदरा पुढे केला. तिने हात पदराला पुसले, कापड बोटांत चोळलं, कॉलर उलटून बघितली. मग माझ्याकडे बघितलं आणि काय विचारलं असेल?

"पोचला होता ना तो घरी?"

मी मान हलवली. म्हटलं, "पोचला होता."

"बरं झालं गं बाई." ती खाली टेकली. "ओठ निळे पडले होते त्याचे. नाव विचारायचं सुचलंच नाही. मग कितीतरी दिवस यांना म्हणायचे, पोचला असेल का हो तो पोरगा. वादळ आलं की अजून म्हणते."

एवढी वर्षं, ऐकतोस ना, मी इथे तिच्या माणसापायी घाबरत होते आणि ती तिथे तुझ्यापायी घाबरत होती. तिने 'यांना' म्हटलं होतं, पण मला ते ऐकू आलंच नव्हतं. मी धीर करून विचारलं, "आणि तुमचे?"

तिने मान वळवून घरात हाक मारली. "अहो, तुमचा सदरा आलाय."

आतून खाकरल्याचा आवाज आला. "कुठला?"

"निळ्या पट्ट्यांचा. वादळातला."

"एवढी वर्षं कुठे होता?"

आणि तो बाहेर आला, काठी टेकत. वादळाच्या दुसऱ्या दिवशीच आला होता म्हणे, आणि आल्या आल्या पहिलं भांडण सदऱ्यावरून केलं होतं. मी सुटले. पण खोटं कशाला बोलू, त्याला उभा बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. तिचा आहे. माझा नाही. तिला ते कळलं असणार, कारण तिने माझं कुंकू नसलेलं कपाळ बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्याने बंडीवरून सदरा चढवला. सगळीकडून ढगळ. "माप तेच आहे," म्हणाला, "माणूस आटला." मयूरी हसली, ती हसली, मग मीही.

तिने भात वाढला. तू बसला होतास तिथेच बसवलं, दाराकडे तोंड करून. या वेळी ती दाराकडे बघत नव्हती, माझ्या ताटाकडे बघत होती. निघताना दोघंही साकवापर्यंत आली. त्याने तोंड उघडलं, बहुतेक विचारणार होता, आता कुठे म्हणून. तिने त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि मला म्हणाली, "या." त्यांच्याकडेही पाळतात.

परवा झाईला आले. बाई म्हणाली, आपण पोहोचला आहात, आणि मयूरीने मला विचारून ती सहल पुसली. हेमंत काल बोट घेऊन गेला. मी दारातून 'ये' म्हटलं. भीती गेली असं म्हणणार नाही. तो येईपर्यंत ती माझ्याजवळच बसेल, तिची सवय आहे. पण रस्ता मिटला. पेटीत आता तुझे सदरे ठेवायचेत, ते मी दोरीवर बाहेर वाळत घातलेत.

तुझी बहीण येते अधूनमधून, रडते, आणि जीभ चावून अर्ध्यावर थांबते. तिला म्हटलं, विचारायचंच नाही असं नाही गं. निघताना विचारायचं नाही, एवढंच. तू निघालास, मी विचारलं नाही. मी येईन तेव्हा येईन, वेळ सांगत नाही. पण आले की पाय धुवायच्याही आधी विचारीन, एवढा वेळ कुठे होतास म्हणून.